उंडीचा ओंडका

वासितीला वस्तू जागेवर ठेवायचं वळण नव्हतं. मिठाचा डबा लुपेच्या घरात वरच्या फळीवर असायचा, सासूच्या काळापासून तिथंच असायचा, आणि ही सून सिडनीहून आल्यावर दोन-चार महिन्यांत मीठ खाली उतरलं, चहाचा डबा खाली उतरला, नारळ खोवायची खोवणी उंच खुंटीवरून चुलीशेजारी आली. लुपेचा कासवपाठीचा कंगवा आरशावरच्या खिळ्याला अडकवलेला असे. तो एके सकाळी उशाशी सापडला, जसा काही रात्री आपल्या पायांनी चालत आला. विचारलं तर पोरगी म्हणते, "खालीच बरं आई, हाताशी राहतं." हाताशी. घर म्हणजे काय वाण्याचं दुकान आहे, गिऱ्हाइकाच्या हाताशी मांडून ठेवायला? लुपेनं डबा पुन्हा वर ठेवायला सांगितलं होतं, पोरगी "हो" म्हणाली होती, आणि डबा खालीच राहिला होता. हिच्या "हो"ला बूडच नव्हतं. लुपेला नाही म्हणणारी माणसं चालत, त्यांच्याशी भांडता येई. हो म्हणून आपलंच करणाऱ्या माणसाचं काय करायचं ते तिला साठ वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

इस्पितळाकडून घरी चाललेल्या बसमध्ये, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, मांडीवर चटईची पिशवी घट्ट धरून ती हेच सगळं मनात घोळवत होती. सुनेच्या कागाळ्या करत बसणं सोपं होतं. डॉक्टरनं सांगितलेलं आठवणं सोपं नव्हतं. डॉक्टर म्हणजे वावाऊ बेटावरचं नुकतं मिसरूड फुटलेलं पोर. त्यानं काळी काच उजेडाला धरली आणि म्हणाला, "मावशी, हे तुमच्या उजव्या खांद्याचं. दोन हाडांच्या मधे एक गुळगुळीत अस्तर असतं बघा. ते झिजलं. आता हाडावर हाड घासतंय." "मग थांबव की घासणं," लुपे म्हणाली. "थांबवायचं तुम्ही. सालीचं कापड बडवायची थापी बंद." "मला थापी बंद म्हणजे तोंड बंद म्हटल्यासारखं आहे रे." पोरगं हसलं. "तोंड चालू ठेवा मावशी. त्याला खांदा लागत नाही." हाडावर हाड. त्यात न समजण्यासारखं तिला काही नव्हतं. लहानपणी मधे साल नसताना नुसत्या ओंडक्यावर थापी आपटली की आई कानाखाली वाजवायची. लाकडाला लाकूड भिडवायचं नाही, मधे काहीतरी पाहिजे, ओलं, मऊ, दोघांचाही मार सोसणारं. तेच तिच्या खांद्यातनं संपलं होतं, आणि घरात कुणाला ठाऊक नव्हतं. घरी तिनं साखरेची औषधं आणायला जाते असं सांगितलं होतं.

पुढच्या आठवड्यात कापड जोडायचा दिवस होता. वाडीतल्या बायकांचं एक मंडळ होतं. हिआपोच्या झाडाची आतली साल ज्या त्या बाईनं आपापल्या घरी भिजवून, थापीनं बडवून, बोटभराची हातभर रुंद करायची, वाळवून गुंडाळ्या करायच्या आणि त्या दिवशी देवळामागच्या मांडवात आणायच्या. तिथं लांब पाटावर खळ लावून तुकड्याला तुकडा जोडत, तांबडा रंग घाशीत, अख्ख्या वाटेएवढं कापड व्हायचं. जिनं आपला वाटा आणला ती पाटाशी बसणार. जिनं आणला नाही तिनं चुलीपाशी बसून बाकीच्यांना रांधून घालायचं. बोलायचं कुणी नाही, पण चुलीपाशी कोण बसलंय हे संध्याकाळपर्यंत सगळ्या नुकुआलोफा गावाला कळायचं. लुपे पाटाच्या डोक्याशी बसत आली होती. यंदा तिच्या गुंडाळ्या नव्हत्या. रोज सकाळी ती पडवीत ओंडक्यापुढं जाऊन बसे, साल पसरे, थापी उचले, आणि थापी खांद्यापर्यंत येऊन तिथंच राही, जशी कुणी वरून धरली आहे. मग ती साल परत टोपात टाकी आणि घरात येऊन म्हणे, अजून भिजली नाही, यंदाची साल चिवट आहे. रविवारी देवळातून निघताना इलाइसे, मंडळाची म्होरकी, तिला मुद्दाम गाठून म्हणाली, "लुपे, तुझ्या थापीला सर्दी झालीय का गं? आवाज घसा बसल्यासारखा येतो." ते लुपेच्या मनाला फार लागलं. आठवडे झाले तिच्या थापीचा आवाजच नव्हता. न येणाऱ्या आवाजाला सर्दी झाली म्हणणं हा इलाइसेचा जुना टोमणेबाज स्वभाव. चुलीपाशी बसवायची तयारी चालली आहे, दुसरं काय.

चिनी माणसाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर ती उतरली. संध्याकाळपर्यंत येत नाही असं घरी सांगून गेली होती, पण खांद्याची काच बघितल्यावर कुणाकडं जाऊन बसावंसं वाटेना. वाटेवर डुकरं लोळत होती, ऊन उतरणीला लागलं होतं, आणि नीरफणसाच्या झाडाखाली आल्यावर तिला तो आवाज ऐकू आला. तिच्या घरामागून येत होता. चार ठोके आणि एक श्वास, चार ठोके आणि एक श्वास. वाडीत बाई दिसली नाही तरी ठोक्यावरून ओळखू येते, चालीवरून गाय ओळखावी तशी, आणि ही चाल लुपेची होती. चौथ्या ठोक्याला ती साल फिरवायची म्हणून मधे तो श्वास. ती वाटेवरच थांबली. आपण इथं उभ्या आहोत आणि तिकडं आपणच बडवतो आहोत, असं तिला क्षणभर वाटलं. मेलेल्या माणसाला असंच ऐकू येत असेल, आपलं घर आपल्यावाचून चाललेलं. पण चाल तिची असली तरी आवाज तिचा नव्हता. तिच्या ओंडक्याचा आवाज पोकळ, गोड, दूरवर जाणारा. हा कोता होता, जागच्या जागी मरत होता, शेवटाला कुरकुरत होता. सर्दी. इलाइसे खोटं बोलत नव्हती तर.

तो आवाज ऐकता ऐकता लुपेला सासू आठवली, आणि आठवली ती तोंडानं नाही, गुडघ्यांनी आठवली. सासू कालोलाइने ओंडक्याच्या त्या टोकाला बसायची, लुपे या टोकाला, मधे ओली साल, आणि सासूचे गुडघे ओंडक्याच्या पलीकडून उन्हात चमकायचे. लुपे नवी नवरी होऊन आली तेव्हा तिची जीभ आजच्याहून तिखट होती. माहेरचं तोंडीलावणं म्हणून जीभच आणली, असं नवरा म्हणायचा. दिवसभर ती बोलत असे, पाणी लांब, भांडी काळी, नणंदा आळशी, आणि बोलताना थापी जास्त जोरात पडे. सासू ऐकून घेई. संध्याकाळी सगळं आवरल्यावर शिंपल्याचा धारदार तुकडा घेऊन ओंडक्याशी जाई आणि लुपेच्या बाजूला पडलेले खळगे खरवडून ओंडका पुन्हा सपाट करी. तिच्या बाजूला खळगे नसत. लुपेनं एकदा फणकाऱ्यानं विचारलं होतं, "एवढा मऊ उंडीचा ओंडका घेतलाच कशाला? टणक सुरूचा घ्यायचा होता. थापी सुरूची, ओंडकाही सुरूचा." सासू खरवडत राहिली. म्हणाली, "मग थापी गेली असती गं. सुरूला उंडीच लागते. कुणी एकानं झिजायचं असतं, तर ओंडक्यानं झिजावं. ओंडका पुन्हा तोडून आणता येतो." मग शिंपल्यावरचा भुसा फुंकून म्हणाली, "आणि वाजतो बघ कसा." उंडीच्या त्या ओंडक्यानंतर दोन ओंडके बदलले. थापी तीच राहिली, आजेसासूच्या हातची, चारी अंगांनी वेगळी, एका अंगाला जाड खाचा, दुसऱ्याला मध्यम, तिसऱ्याला केसाएवढ्या, चौथं सपाट. खाचा जशाच्या तशा. लुपेला कितीतरी वर्षं तो आपल्या सांभाळण्याचा गुण वाटत आला होता. लोकांना ती थापी दाखवून सांगे, बघा, अशी वस्तू वागवायला हात लागतो. आज नीरफणसाखाली उभ्या उभ्या तिला शिंपल्याचा खर्र खर्र आवाज पहिल्यांदाच नीट ऐकू आला, इतक्या वर्षांनी, सासू माती झाल्यावर. सासूच्या तोंडून एकदाही कडू शब्द गेला नव्हता. गेला असता तर लुपेनं त्याला परत दिला असता, मग सासूनं, मग लुपेनं, आणि घराच्या ढलप्या निघाल्या असत्या.

पडवीला वळसा घालून ती मागच्या अंगाला गेली. पाण्याच्या टाकीखाली घालायला मानासेनं, तिच्या लेकानं, धक्क्यावरून एक जुनी लोखंडी तुळई आणून ठेवली होती. ती दोन सिमेंटच्या ठोकळ्यांवर आडवी घातलेली होती, आणि तिच्यापुढं वासिती बसली होती, पाठमोरी, पाय दुमडून, मानेवर घाम, केस लुपे बांधते तसे वर बांधलेले. डाव्या हातात आजेसासूची थापी. पोरगी डावखुरी आहे हे लुपेला आजपर्यंत माहीत नव्हतं. जेवताना ती उजव्या हातानं जेवायची. कुणीतरी धाकानं शिकवलं असेल. की इथं आल्यावर शिकली? चार ठोके, एक श्वास. तो श्वास तिला लागतच नव्हता, डाव्या हातानं साल दुसरीकडून फिरते, पण ती थांबत होती, मान किंचित कलती करून, जसं कुणी पाठ केलेलं म्हणावं तसं. लुपे जशी थांबते तशी. किती सकाळी ही आत भांडी घासता घासता कान देऊन बसली असेल, लुपेला तेव्हा वाटायचं की नळ वाहतोय. तुळईवर साल लोखंडाच्या अंगानं सरकत होती, पळत होती. थापी तिला रुंद करायच्या ऐवजी चिरडत होती. लाकडावर साल फुलते, खालून कुणी ढकलल्यासारखी पसरते. लोखंड काही परत देत नाही.

"डावा हात कुणी लावला थापीला?" लुपे म्हणाली.

वासिती दचकली नाही. तिनं थापी मांडीवर ठेवली आणि हात झाकल्यासारखे तिच्यावर ठेवले. "तुम्ही संध्याकाळी येणार होता आई."

"मी माझ्या घरी कधी यावं ते तू सांग. इकडं आण ती."

लुपेनं थापी डाव्या हातात घेतली. उजवा वर नेण्यात अर्थ नव्हता. तिनं आधी खाचांवरून अंगठा फिरवला, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा; सकाळी ती नुसती मूठ धरत होती. जाड अंगाच्या खाचा होत्या, पण कडा बसल्या होत्या, म्हाताऱ्या शेळीच्या दातांसारख्या. मध्यम अंगाची एक कड ढलपी निघून गेलेली. केसाएवढ्या खाचा अंगठ्याला लागल्याच नाहीत. तिथं गुळगुळीत होतं, तुकतुकीत होतं, जसं काही तिथं कधी काही कोरलं नव्हतं. तीन बायांच्या आयुष्यात जे गेलं नाही ते काही आठवड्यांत गेलं. राग यायला हवा होता. ती रागाची वाट बघत उभी राहिली, बसची बघावी तशी, आणि अंगठा आपला मुठीकडं सरकला. मुठीवर एक खोलगट जागा होती. आजेसासूचा अंगठा, सासूचा, मग लुपेचा. तिनं पुष्कळदा नवल केलं होतं, की सुरूच्या लाकडाला करवत लागत नाही आणि माणसाच्या कातडीनं तिथं वाटी केली. कातडी झिजते आणि रातोरात परत येते, म्हणून तिला जमतं. आता त्या वाटीच्या पलीकडच्या अंगाला, जिथं कुणाचा अंगठा कधी पोचला नव्हता, लाकूड काळसर झालं होतं. नव्या हाताचं तेल आणि घाम. अजून वाटी नव्हती. नुसता डाग.

"पडवीत ओंडका आहे," लुपे म्हणाली. "तो दिसत नाही तुला? डोळे काय सिडनीला राहिले?"

"दिसतो."

"मग लोखंडावर का?"

वासिती खाली बघत म्हणाली, "ओंडक्यावर खुणा पडतात आई. मी एकदा मारून बघितलं होतं. माझ्या खुणा तिरक्या पडतात, तुमच्या उलट. तुम्ही रोज सकाळी त्याच्यापुढं बसता. बघितलं असतं की कळलं असतं. लोखंडावर काही उमटत नाही. म्हणून."

"कळलं असतं तर काय झालं असतं?"

"तुम्ही बंद करायला लावलं असतं."

हे खरं होतं. भिंतीच्या सावलीत चटईवर गुंडाळ्या रचल्या होत्या. तिनं पायानं एक उलगडली. पातळ झाली होती, पण अंग धरलं नव्हतं, मधे मधे काचेसारखी चकाकत होती, आणि उजेडाकडं धरली तर बारीक भोकं. एवढी भोकं, की रात्रीच्या आभाळासारखं दिसलं. इलाइसेनं हे बघितलं असतं तर वर्षभर पुरवून खाल्लं असतं. पण वाटा पुरा होता. एका बाईचा वाटा, नीट, टोकाला गाठ मारून, लुपे मारते तशी गाठ.

"हे कुणासाठी?" तिनं विचारलं, माहीत नसल्यासारखं.

"तुमच्या नावचं." वासितीनं चेहरा पुसला, घाम असेल. "इलाइसेकाकू दारात येऊन विचारून गेल्या होत्या, लुपेचा वाटा झाला का. तुम्ही शेतावर होता. मी झाला म्हटलं. मग करावाच लागला."

"खोटं बोललीस."

"हो."

या "हो"ला बूड होतं. लुपेनं सुनेकडं बघितलं, बहुधा पहिल्यांदाच तोंड बंद ठेवून. डाव्या तळव्यावर फोड होते, फुटलेले, वर पुन्हा आलेले. बोटांच्या पेरांना लोखंडाचा तांबडा गंज. लुपेला वाटलं विचारावं, खांद्याचं तुला कुणी सांगितलं. डॉक्टरनं? मानासेला तर कळायला वीज पडावी लागते. आणि विचारायच्या आतच तिला मिठाचा डबा दिसला, इथं मागच्या अंगाला उभ्या उभ्या दिसला, फळीवरून खाली आलेला. चहा. खोवणी. उशाशी चालत आलेला कंगवा. गेले कित्येक दिवस ती सकाळी केस एका हातानं, डाव्या हातानं, गोळा करून बांधत होती, आणि तिला वाटत होतं की ते कुणी बघत नाही. वरच्या फळीला हात लावायचा प्रसंगच आला नव्हता, आणि तिला वाटत होतं की आपण शिताफीनं टाळतो आहोत. घरात वर असं काही उरलंच नव्हतं. कंबरेच्या उंचीला उतरवलं होतं या पोरीनं अख्खं घर, एकेक वस्तू, शिव्या खात, हो म्हणत. लुपेनं जिभेनं मारलं होतं, रोज मारलं होतं, आणि कुठं खूण दिसली नाही म्हणून ती समजत होती, की हिला लागतच नाही.

ती तुळईच्या कडेवर टेकली. लोखंड दिवसभराच्या उन्हानं तापलेलं होतं, तरी बसायला परकं वाटत होतं. वासिती उठून तिला धरायला आली आणि अर्ध्यावर थांबली, कुठल्या बाजूनं धरावं या विचारानं, मग डावीकडून आली. लुपेनं धरू दिलं. तिच्या दंडाला त्या फोडांचा खरखरीतपणा लागला आणि तिला सासूचा हात आठवला. तोही असाच होता. शिंपला धरून धरून.

"थापी बिघडली का आई?" वासितीनं हळूच विचारलं. "मला वाटलं ती कडक आहे, तिला काही होणार नाही."

"कडक आहे म्हणूनच झालं."

कोंबड्या टोपातल्या पाण्याशी येऊन घोटाळत होत्या. वाडीत कुणाच्या तरी घरी खरी थापी सुरू झाली, लाकडावर लाकूड, मधे साल, पोकळ, गोड. दोघी ऐकत राहिल्या. लुपे थापी मांडीवर फिरवत होती, खाचा गेलेलं अंग वर, मग खाली, मग वर. मग तिनं ती मुठीकडून पुढं केली. मुठीची काळसर बाजू सुनेकडं होती.

"ऐक आता, आणि नुसतं हो म्हणू नकोस," लुपे म्हणाली. "हे लोखंड मानासेला सांग, टाकीखाली घाल, त्याची जागा तीच. थापी तू बिघडवलीस, तेव्हा ती तूच वागवायचीस. खाचा मी सांगेन तशा पुन्हा कोरायच्या. त्या गुंडाळ्या माझ्या नावानं जाणार नाहीत, असलं भोकांचं कापड मी जन्मात केलं नाही. तुझ्या नावानं जातील, भोकांसकट, आणि तू पाटाशी बसशील. इलाइसे हसली तर तिच्याकडं बघायला मी आहे, त्या दिवशी मी चुलीपाशीच असणार, नाहीतरी तिथल्या बायांना कालवणात मीठ किती घालावं ते कळत नाही. उद्या सकाळी ओंडक्याच्या त्या टोकाला बस. डाव्या हाताला तिकडं मोकळं आहे. पडू देत खुणा, संध्याकाळी खरवडायला शिंपला मला धरता येतो. आणि घरातलं मीठ राहू दे खाली."